कळ कोणाच्या हाती?



वसंत व्याख्यानमालेत संगणकाचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय संगणकाचा नाही, शिकण्याचा आहे. आणि भंडारा जिल्ह्यातील ज्या ज्या घरात कॉलेजात जाणारे मूल आहे, त्या त्या घराचा आहे.

आपल्या महाविद्यालयांचे नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. तेव्हापासून वर्ग, सूचनाफलक, गृहपाठाचा गठ्ठा आणि गुणांची वही या चार गोष्टी चार ठिकाणी असत. आता त्या एकाच पडद्यावर येऊ लागल्या आहेत. ‘मूडल’ ही अशीच एक व्यवस्था. मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ती २००२ साली सर्वांना मोफत खुली केली. आपल्या केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी तर एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्याची मुभा विद्यापीठांना दिली. तेव्हा हा हौसेचा मामला उरलेला नाही.

यंत्रणा आणणे सोपे. ती अंगवळणी पाडणे कठीण. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि खडू-फळ्यावर हयात गेलेल्या प्राध्यापकांना मोबाईलसमोर बसून शिकवावे लागले. तेव्हापासून प्रशिक्षणे पुष्कळ झाली. पण त्यांची रीत कशी? सभागृहात शंभर माणसे, समोर पडदा, आणि एक जाणकार भराभर कळा दाबतो आहे. मग चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी घरी बसावे तर पहिलीच पायरी सापडत नाही! दोष वयाचा नाही, बुद्धीचा तर नाहीच. कळ दुसऱ्याच्या हाती होती, एवढेच.

आपला मुलूख धानाचा. बांधावर उभे राहून व्याख्यान ऐकल्याने कोणाला रोवणी आली आहे काय? नवी पोर चिखलात उतरते, जाणत्या बाईच्या शेजारी वाकते, चारदोन रोपे वाकडी लावते, ती पुन्हा नीट लावते. संध्याकाळपर्यंत तिचा हात बसतो. हातांची विद्या हातांनीच येते.

हेच सूत्र मुंबईच्या आय.आय.टी.त कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमात दिसते. धडा सुमारे दहा मिनिटांचा. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालतो, उरलेल्या अर्ध्या भागात शिकणाऱ्याने ते ते स्वतः करायचे. अडले की धडा थांबवायचा, मागे न्यायचा. धड्याची संहिता आधी नवशिक्याकडून तपासून घेतात. तो जिथे अडखळेल, तिथे चूक लिहिणाऱ्याची! आणि धड्याचा आवाज मराठीतही मिळतो. माझ्या मते साऱ्या प्रशिक्षणाचे मर्म या नवशिक्याच्या कसोटीत आहे.

हे न केल्याने काय बिघडते, ते एका लहानशा गोष्टीवरून पाहा. मूडलवर शिक्षकाने तशी योजना ठेवली असेल, तर विद्यार्थ्याने उत्तर चढवले तरी ते मसुदाच राहते. सादर करण्याची शेवटची कळ त्याने वेगळी दाबावी लागते. लाखांदूरकडची एखादी मुलगी घरातला एकुलता एक मोबाईल रात्री हाती आल्यावर गृहपाठ लिहिते, चढवते आणि निश्चिंत झोपते. इकडे सरांच्या पडद्यावर तिचे काम मसुदाच आहे, सादर झालेले नाही, असे दिसते. तिचा अभ्यास झालेला, परिश्रम झालेले. गुण मात्र जातात. तिला ती कळ कोणी दाखवली होती?

म्हणून महाविद्यालयांच्या चालकांना माझे चार आग्रह आहेत. प्राध्यापक, कार्यालयातील लिपिक आणि विद्यार्थी यांना वेगवेगळे शिकवा. तिघांची कामे वेगळी आहेत. एक लुटुपुटीचा वर्ग उघडा, जिथे चुकले तरी कोणाचे गुण जाणार नाहीत. मुलांना संगणकावर नव्हे, त्यांच्याजवळ असेल त्या मोबाईलवर शिकवा, आणि हाती मराठीतील एका पानाची टिपणी द्या. चौथे, पहिला महिनाभर ठरल्या वेळी, ठरल्या खोलीत एक जाणता माणूस बसवा. शंका सभागृहात सुचत नाहीत. त्या काम करताना सुचतात. वडीलधाऱ्या प्राध्यापकांनाही चारचौघांत विचारण्याचा संकोच त्या खोलीत वाटणार नाही.

या चारांपैकी एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. वेळ लागतो आणि धीर लागतो. आपण पालक आहात, काही जण संस्थांचे सभासद आहात. प्रशिक्षण झाले असे कोणी सांगितले, तर किती जण बसले होते हे विचारू नका. किती जणांनी स्वतः कळ दाबली, हे विचारा.