दात आणि दुधाचे वाटप

दातांचे आरोग्य म्हटले की राखुंडी बरी की ब्रश, एवढाच वाद आपण घालतो. वस्तुतः दुधाच्या दातांची घडण मातेच्या उदरातच सुरू होते. कॅल्शियम, प्रथिने, ‘ड’ जीवनसत्त्व यांचा तुटवडा पडला, तर दातांवरचे एनॅमलचे कवच कच्चे राहते. आणि मोडलेल्या हाडाप्रमाणे ते पुन्हा सांधत नाही. तेव्हा दूध कुणाच्या घरी पोचते, हा प्रश्न आधी येतो.

ब्रिटनने त्याचे उत्तर युद्धाच्या रेट्याखाली दिले. १९४० साली साखरेवर रेशन आले. त्याच वर्षी गरोदर स्त्रियांना व पाच वर्षांखालील मुलांना रोज एक पाइंट दूध स्वस्तात, अगदी गरिबांना फुकट, मिळू लागले. मे मेलनबी यांनी लंडनमधील पाच वर्षांच्या शाळकरी मुलांचे दात १९२९ साली तपासले होते. १९४७ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा किडीचे प्रमाण बरेच घटलेले आढळले. ही मुले १९४२ च्या सुमारास जन्मलेली, बॉम्बवर्षाव झेललेल्या शहरातली! यात दुधाचा वाटा किती आणि साखरटंचाईचा किती, हे वेगळे काढणे कठीण. परंतु दोन्ही गोष्टी सरकारी वाटपाने घडवून आणल्या होत्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशन उठले आणि दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या.