देशद्रोहाचा शिक्का आणि कामगाराचा सवाल
(पुनावळे येथील सभेतील भाषण)



आज कुठल्याही पक्षाची सभा ऐका. आमचा पुढारी देशभक्त, समोरचा देश बुडवायला निघालेला! पुरावा? तो मागायचा नाही. मागाल तर तुम्हीही देशद्रोही!

हा शिक्का जुना आहे. 1908 साली इंग्रजाने लोकमान्य टिळकांवर तो मारला. नाव दिले राजद्रोह, शिक्षा सहा वर्षांची. मुंबईच्या गिरणी कामगाराने काय केले? सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या! सरकारवर टीका म्हणजे देशाशी वैर नव्हे, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या कामगाराला पुरते कळत होते.

पुढे स्वराज्य आले. 6 फेब्रुवारी 1956 रोजी आपल्या पुण्यातच संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. लगेच ओरड झाली, हे देश तोडायला निघाले! इकडे चळवळीच्या व्यासपीठांवरून यशवंतराव चव्हाणांना सूर्याजी पिसाळ म्हटले गेले. कारण 1955 साली ते महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे म्हणाले होते.

मग घडले काय? 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, देश काही तुटला नाही. त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले चव्हाणच. 1962 साली चीन चालून आला, तेव्हा संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीने त्यांनाच बोलावले. दोन्हीकडचे शिक्के पुसले गेले!

पण बाबांनो, एक गोष्ट पुसली गेली नाही. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनला गोळी चालली, पंधरा माणसे पडली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली अर्थमंत्रिपद सोडले, आणि गोळीबाराची चौकशी का नाही, म्हणून भर लोकसभेत विचारले. खरा सवाल हा! फितूर कोण, ह्याच्या आरोळीत असा सवाल बुडतो, आणि खुर्चीवरचा माणूस मनातून खूश होतो. शिवीला उत्तर द्यावे लागत नाही, हिशेबाला द्यावे लागते.

तुम्ही तर गिरणीतली माणसे. ताग्यात खोट निघाली, की विणणारा गिरणीचा वैरी, असे म्हणून भागते का? माग कुठला, पाळी कुणाची, सूत कुठून आले, हे बघावे लागते. पुढाऱ्यालाही तीच मोजपट्टी लावा. हुकूम कुणी काढला? मत कुठे दिले? फायदा कुणाच्या घरी गेला?

सीमाभागाचेच घ्या. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, महाराष्ट्राने तो नाकारला. 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगाव, निपाणी, कारवार अजून बाहेरच! मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या पक्षाचा का असेना, विचारा: ह्या दाव्यासाठी तू काय केलेस, तारीख सांग.

मनात काय आहे, ते देव जाणे. हातून काय झाले, ते आपण मोजू. तसे मोजणारा कामगार कुणाच्या आरोळीने फसणार नाही!

जय महाराष्ट्र! जय हिंद!