पहिला रेंजफाइंडर घेताना
रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीत मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या, की फोकस साधला. म्हणून जुना कॅमेरा घेताना लेन्स अनंतावर ठेवून दूरचा खांब पाहा. प्रतिमा जुळल्याच पाहिजेत. मग लेन्समधून टॉर्च मारून बुरशी शोधा. दमट हवेत ती लवकर धरते.

लेन्स आधी ठरवा, कॅमेरा नंतर, कारण खिडकीत प्रत्येक लेन्सच्या दृश्याची चौकट असेलच असे नाही. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्या चौकटी दिसतात, ३५ ची नाही. बजेट कमी असेल, तर ४० मिलिमीटरची कायमची लेन्स असलेला कॅनोनेट क्यूएल-१७ जी-३ पाहा. सुरुवातीला एकच लेन्स पुरे. उरलेले पैसे फिल्मसाठी ठेवा.