मुलांचे छंद आणि पुढचा व्यवसाय



शाळांना सुट्टी लागली आहे. या मंडपातील पुष्कळ पालकांच्या खिशात या घटकेला उन्हाळी वर्गांची एकदोन पत्रके असतील. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा नववीतून दहावीत गेलेला. म्हणाले, "चारचौघे करतात ते नको, अर्जात उठून दिसेल असे काहीतरी वेगळे सांगा." आम्ही विचारले, "याला नाद कशाचा आहे?" गृहस्थ गप्प झाले. मुलगा शेजारीच उभा होता. त्यालाच विचारावे, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात उशिराच आले.

शोध असा उलट्या टोकाने सुरू होतो. तो सुलट कसा असतो, ते पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत दहाबारा वर्षांच्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, म्हणून त्याने मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला कोठल्या वर्गात घातले नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे पदवी नाही म्हणून त्यांची नोकरी हुकली, हेही विसरू नका. नंतर ते किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळीत बसले, आणि तेथल्या टिपणांवरूनच जाणत्यांत त्यांचे नाव झाले.

सगळ्यांचीच मुले सलीम अली होणार नाहीत, आणि व्हावीत असेही नाही. पण मामांची युक्ती कोणासही करता येईल. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर जेथे रोजच्या कामात दिले जाते, तेथे त्याला पोचवावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखविते आहे. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. कलबागांनी १९८३ साली काढला. तेथे मुले हाताने काम करीतच शास्त्र शिकतात. आणि संस्था नसली तरी अडत नाही. दोरीला दगड बांधून गावच्या विहिरीतील पाणी किती खोल गेले, ते दर रविवारी मोजून वहीत लिहावे. खर्च दोरीचा. वर्षभर पाऊस, पिके आणि पंप यांच्याशी ते आकडे ताडून पाहणार्‍या मुलाला एक गोष्ट खात्रीने कळते: शास्त्रज्ञाच्या कामातला कंटाळा आपल्याला सोसतो की नाही. चार दिवसांच्या शिबिरात ती कळत नाही, कारण तेथे कंटाळा येऊच दिला जात नाही. (प्रमाणपत्र मात्र रंगीत मिळते.)

आमच्याच घरची चूक सांगतो. भाच्याला गुरांचा डॉक्टर व्हायचे होते. आम्ही त्याला पाच वर्ग लावले, त्यांतला एकही गुरांचा नव्हता. शेवटी तो आपणहून आठ दिवस जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसला आणि नवव्या दिवशी म्हणाला, "मामा, हे आपले काम नव्हे." ताई रडल्या. आम्हांस मात्र हायसे वाटले. तो अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे.

आमच्या आळीतल्या एका मुलीने आजोबांच्या पेटीतले कागद वाचण्यासाठी मोडी शिकायला घेतली. वडिलांना ते पसंत नव्हते. दहावीचे वर्ष, आणि ही मेलेली लिपी कशाला, असे ते म्हणत. तीनचार महिन्यांनी कागद लागला. ते गहाणखत होते. आम्हांस वाटले, पोरगी इतिहासाकडे जाणार. पण तिने लिपीचे कौतुक केले नाही. कर्ज फिटले असेल तर जमीन परत का आली नाही, हेच विचारीत बसली. आता रविवारी ती शेजारच्या वकिलांकडे जुने दस्त चाळायला जाते. वडील परवा आम्हांस भेटले आणि विचारू लागले, "म्हणजे वकील होणार का ही?" मुलगी मागे उभी होती. या वेळी आम्ही तिलाच विचारले. म्हणाली, "काका, पेटीतले अजून सात कागद राहिलेत."