आवाज बारीक करू नका

(पाड्यावरच्या मासिक बैठकीत केलेले भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



आज वनहक्क दाव्यांच्या फायलींवर बोलायचं ठरलंय. ते बोलणारच आहे. पण आधी एका म्हाताऱ्या गिटारवाल्याची गोष्ट सांगतो. ती शेवटी फायलीपाशीच येते, म्हणून जरा धीर धरा.

2011 च्या फेब्रुवारीत मी बारावीला होतो. फीला पैसे पाहिजेत म्हणून मंडपवाल्याकडे हजेरीवर जायचो. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल नावाचा कार्यक्रम होता. आम्ही मागच्या बाजूला सामान उतरवायला होतो. रात्री आतून गिटार ऐकू आली. गाण्याचा एक शब्द कळेना. पण वाटलं, कोणीतरी रडतंय आणि रडता रडता दमही देतंय. मला आपल्या भगताची घांगळी आठवली. हातातलं सामान तसंच राहिलं.

वाजवणाऱ्याचं नाव बडी गाय. हसू नका, गाय हे त्याचं आडनाव आहे. नंतर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं.

तो 1936 साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यात जन्मला. काळी माणसं. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेलं. गुलामी कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. बडीचा बाप अर्धेलीने कसायचा. पीक काढायचं, अर्धं मालकाला द्यायचं, उरलेल्यात उसनवारी फेडायची. लहानपणी बडी कापूस वेचायचा. तो सांगतो, शंभर पौंड वेचला की अडीच डॉलर मिळायचे. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो.

तो नऊ वर्षांचा असताना, 1945 ला, इकडे तलासरी, डहाणू, उंबरगावचे आपले वारली सावकाराची वेठ करायला नाही म्हणत उठले होते. गोदाराणी त्यांच्यात होती. समुद्र मध्ये होता, पण पाठीवरचं ओझं ओळखीचं होतं.

त्याच्या घरी वीज नव्हती. वाजवायचं वेड मात्र होतं. खिडकीच्या मच्छरजाळीची तार काढून तो ती ताणून वाजवायचा. मग बापाने जुनी गिटार घेऊन दिली, तिला दोनच तारा होत्या. आपला म्हातारा दुधीचा तारपा करतो, तसंच ते. वाद्य दुकानातून येत नाही, गरजेतून येतं.

या गाण्यांना ब्लूज म्हणतात. इंग्रजीत ब्लू म्हणजे निळा, आणि मन उदास असलं तरी ब्लूच म्हणतात. शेतात राबणाऱ्यांची ही गाणी. पुढे ही माणसं कामासाठी शिकागो शहरात गेली. तिथे गोंगाट, दारूचे गुत्ते, गर्दी. साधी गिटार ऐकू जाईना. म्हणून त्यांनी गिटारला वीज जोडली. मडी वॉटर्स नावाचा मोठा वादक यात पुढे होता, तोही मिसिसिपीतल्या मळ्यावरचा मजूर. म्हणजे विजेची गिटार ही त्यांची चैन नव्हती. शहराने आपल्याला ऐकावं म्हणून ती होती.

बडी 1957 ला शिकागोत आला, एकवीस वर्षांचा. खिशातले पैसे संपले, उपाशी फिरत होता. मडीने त्याला गाडीत बसवून पाव खायला घातला. आधी पोट, मग गाणं. पाड्यावरून शहरात जाणाऱ्या पोराला आपल्यातल्या पुढे गेलेल्याने असंच धरलं पाहिजे.

आता महत्त्वाचं सांगतो. चेस नावाच्या कंपनीत तो रेकॉर्डिंग करायचा. गुत्त्यात तो गिटार जोरात वाजवायचा, आवाज फाटेपर्यंत, लांब वायर घेऊन लोकांमध्ये चालत जायचा. कंपनीचा मालक म्हणायचा, हा नुसता गोंगाट आहे, बारीक कर. दिवसा बडी गाड्या ओढणारा ट्रक चालवायचा, 1967 पर्यंत. इकडे इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी तसंच जोरात वाजवलं आणि जगात नाव केलं. एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्स हे बडीला ऐकून शिकलेले. हेंड्रिक्स तर काळाच होता, पण त्याचंही नाव इंग्लंडला गेल्यावरच झालं. बडी सांगतो, मग तोच मालक त्याला बोलावून म्हणाला, चूक माझी झाली.

चूक कबूल केली, चांगलं झालं. पण गेलेली वर्षं कोण देणार?

हे ऐकलं की मला आपलं दिसतं. सोसायटीच्या कार्यक्रमाला, हॉटेलाच्या उद्घाटनाला आपला तारपा बोलावतात. भिंतीवर वारली चित्र काढून घेतात. साहेब फोटो काढतात. तोच तारपावाला घराखालच्या जमिनीचा कागद मागायला गेला की अतिक्रमणवाला होतो. आणि आपल्यातलेच काही म्हणतात, जास्त बोलू नका, साहेब चिडतील. बडीलाही असंच बारीक कर म्हणाले होते.

पण खरं तेही सांगतो. बडी 2012 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात वाजवून आला. मोठा मान. तरी त्या मानाने कापूस वेचणाऱ्यांच्या नावावर जमीन झाली नाही. गाण्याने एक माणूस मोठा होतो. जमीन सगळ्यांनी मिळून मागावी लागते.

आपल्याकडे त्यासाठी कायदा आहे, 2006 चा वनहक्क कायदा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपला ताबा असला पाहिजे. पुरावा काय? नियम 13 बघा. नुसता सरकारी कागदच लागतो असं नाही. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, शेताचा बांध हेही चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे.

आता विचार करा, हे सगळं कोणाला माहीत आहे? आपल्या म्हाताऱ्यांना. त्यांच्या गाण्यात वाघदेव कुठे, पाणवठा कुठे, कोणाच्या बापाने कुठला बांध घातला, ते सगळं आहे. गाणं जोडता येणार नाही, पण गाण्यातली जागा जबाबात लिहिता येते.

म्हणून पुढच्या बैठकीला दोन कामं करून या. घरातल्या थोरांना बसवून जागांची नावं वहीत लिहा. नीट लिहिता येत नसेल तर बारावीपर्यंत शिकलेली आम्ही पोरं आहोत, हाक मारा. आणि तारपा बरोबर आणा. सभा तारप्याने सुरू करू, ठराव वाचून संपवू.

कोणी बारीक करा म्हणालं तर बारीक करू नका.

जोहार! जिंदाबाद!