‘अल्जिअर्सची लढाई’ : पडद्यावरील सत्य

पारतंत्र्याविरुद्धच्या लढ्यावर चित्रपट काढणे एका अर्थी सोपे असते. एका बाजूस शूर आणि दुसऱ्या बाजूस दुष्ट अशी वाटणी केली व शेवटी झेंडा फडकविला, की प्रेक्षक समाधानाने घरी जातो. परंतु असे चित्रपट बहुधा त्या पिढीबरोबरच विस्मृतीत जातात. जिलो पोन्तेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाचा १९६६ सालचा ‘अल्जिअर्सची लढाई’ हा चित्रपट मात्र याला अपवाद ठरला.

अल्जीरियावर फ्रान्सने १८३० मध्ये आक्रमण केले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने तेथे सशस्त्र उठाव आरंभिला आणि १९५६-५७ मध्ये तो राजधानीतील ‘कसबा’ या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत येऊन पोहोचला. पुण्याच्या कसबा पेठेच्या नावात जो अरबी शब्द आहे, तोच हा. जानेवारी १९५७ मध्ये शहराचा बंदोबस्त छत्रीधारी सैनिकांच्या हाती देण्यात आला. चित्रपटाचा विषय एवढाच आहे. पण तो ज्या रीतीने मांडला गेला, त्या रीतीतच त्याचे सामर्थ्य आहे.

पोन्तेकोर्वो स्वतः दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टविरोधी भूमिगत चळवळीत लढलेला. पटकथाकार फ्रांको सोलिनास याच्यासह त्याने दोन्ही बाजूंची माहिती गोळा केली. चित्रण प्रत्यक्ष अल्जिअर्समध्येच झाले. अली ला प्वांत या बंडखोराची भूमिका करणारा ब्राहिम हाजाज हा अभिनयाशी पूर्वी संबंध नसलेला मनुष्य होता. सादी यासेफ या मुक्ती आघाडीच्या नेत्याने तर आपल्याच जीवनावर बेतलेली भूमिका केली. प्रमुख पात्रांत व्यावसायिक नट एकच, कर्नल मातिय झालेला जाँ मार्तँ. आणि त्याने या युद्धाच्या निषेधाच्या पत्रकावर पूर्वीच सही केलेली होती. छायाचित्रण इतके खरखरीत आणि करडे, की पाहणाऱ्यास तो वृत्तपटच वाटावा. वस्तुतः त्यात वृत्तपटाचा एक फूटही नाही.

परंतु वास्तववाद म्हणजे केवळ करडा रंग नव्हे. तो न्यायबुद्धीचा प्रश्न आहे. तीन अल्जीरियन स्त्रिया युरोपीय वेष करून गर्दीच्या ठिकाणी बाँब ठेवावयास जातात, तेव्हा कॅमेरा तेथे बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरतो. आइस्क्रीम खाणारे एक लहान मूल दिसते. स्वातंत्र्याची बाजू न सोडता दिग्दर्शक त्या मुलाचा चेहरा दाखवितो आणि प्रेक्षकाला सहजासहजी सुटका मिळू देत नाही. तसेच कर्नल मातिय हा राक्षस नाही. तो बुद्धिमान, शिष्ट अधिकारी आहे. फ्रान्सने अल्जीरियात राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे परिणामही स्वीकारले पाहिजेत, असे तो पत्रकारांना शांतपणे ऐकवितो. छळाची जबाबदारी अशा रीतीने केवळ सैनिकावर न राहता त्याला पाठविणाऱ्या सभ्य समाजाच्या दारात येऊन पडते.

ही गोष्ट पचणे कठीण होते. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च ‘सुवर्णसिंह’ मिळाला, तेव्हा फ्रेंच प्रतिनिधी निघून गेले. फ्रान्समधील सामान्य प्रेक्षकांना तो पुढे कित्येक वर्षे पाहावयास मिळाला नाही. पण काळाने साक्ष कोणाच्या बाजूने दिली? लार्बी बेन मिहिदी हा नेता १९५७ मध्ये पकडला गेला आणि कोठडीत त्याने आत्महत्या केली, असे तेव्हा जाहीर झाले. चित्रपटातील पत्रकारांचे त्या खुलाशाने समाधान होत नाही. २००१ साली जनरल ओसारेस याने त्या मृत्यूतील आपला हात ग्रंथरूपाने कबूल केला. आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी, त्याची हत्या फ्रेंच सैनिकांनीच केली, हे मान्य केले. पडद्यावरील शंकेला राजसत्तेचा कबुलीजबाब मिळावयास अठ्ठावन्न वर्षे लागली.

२००३ च्या ऑगस्टमध्ये, इराकवर स्वारी केलेल्या अमेरिकेच्या पेंटागॉनमध्ये हाच चित्रपट अधिकाऱ्यांना दाखविण्यात आला. ज्यांनी तो बंडखोरी मोडण्याचे तंत्र शिकण्यासाठी पाहिला असेल, त्यांनी अर्धाच चित्रपट पाहिला असे म्हणावे लागेल. कारण अली ला प्वांत १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये मारला जातो, संघटना नामशेष होते, सैन्य जिंकते. आणि तरीही डिसेंबर १९६० मध्ये, कोणी नेता पुढे नसताना, सारी वस्ती रस्त्यावर उतरते. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला.

शहर जिंकता येते, पण त्यातील माणसे जिंकता येत नाहीत, हे या चित्रपटाचे एक सांगणे. दुसरे त्याहून अवघड आहे : न्याय्य लढ्यातही सांडलेल्या रक्ताचा हिशेब चुकत नाही. हे दुसरे सांगणे जेते विसरतात, तसे कधीकधी मुक्त झालेलेही विसरतात. म्हणूनच हा चित्रपट दोघांनीही पुनःपुन्हा पाहावा असा आहे.