चरबीला चरबी म्हणा



रेडिओलॉजीच्या अध्यक्षाने हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं असतं. मी चरबीवर बोलणार आहे, तीही हृदयातल्या.

खोकल्यासाठी छातीचा सीटी होतो आणि दोन्ही कर्णिकांमधला पडदा जाडसर दिसतो. रिपोर्टात आपण लिहून टाकतो, ‘हृदयात मास, पुढील तपासणी करावी.’ आपण पुढच्या केसकडे वळतो. तिकडे पेशंटच्या घरी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलेलं असतं. माझ्या मते हा सावधपणा नव्हे, अंग काढून घेणं आहे. उत्तर बहुतेक वेळा त्याच सीटीत असतं.

त्या जागी कर्सरचं वर्तुळ ठेवा आणि आकडा वाचा. हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि चरबी साधारण उणे ५० ते उणे १५०. फक्त वर्तुळ कडेला लागू देऊ नका. शेजारचं कॉन्ट्रास्टने उजळलेलं रक्त आकड्यात मिसळलं की तो वर चढतो आणि साधी चरबी संशयित ठरते. जाड स्लाइसवर हे हमखास होतं. पातळ स्लाइस मागवून घ्या.

मग आकार. लिपोमॅटस हायपरट्रॉफीत पडद्यात चरबी साठून तो २ सेंटिमीटरपेक्षा जाड होतो, पण मधला फॉसा ओव्हॅलिस तेवढा पातळ राहतो. चित्र थेट डमरूचं. याला कवच नसतं. ही खरी गाठच नव्हे. लिपोमाला मात्र कवच असतं आणि तो हृदयात कुठेही सापडतो. गंमत बघा, ज्या मिक्झोमाची आपल्याला धास्ती, त्याचा देठ बहुधा त्याच फॉसा ओव्हॅलिसपाशी चिकटलेला असतो, म्हणजे चरबी जी जागा सोडते तिथेच! टूडी एकोवर पडद्यातली चरबीही पांढरी चमकते, म्हणून गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

शंका उरली तर एमआरआय. टी-वनवर उजळ आणि फॅट सप्रेशन लावताच काळं पडलं, की बात संपली. तुलनेला छातीच्या त्वचेखालची चरबी त्याच चित्रात असते, वेगळं काही मागवावं लागत नाही.

पेट-सीटीत एक चकवा आहे. या पडद्यात तपकिरी चरबीही असू शकते, आणि ती ग्लुकोज ओढून घेते. कॅन्सरच्या पेशंटच्या हृदयात असा ठिपका पेटला की मेटास्टॅसिस लिहिण्याआधी खालचा सीटी उघडा.

सगळीच चरबी निरुपद्रवी असते, असं मी म्हणत नाही. आत जाड पापुद्रे असतील, कॉन्ट्रास्ट घेणारा मांसल भाग असेल, शेजारी घुसखोरी दिसत असेल, तर लायपोसार्कोमाची शंका स्पष्ट शब्दांत लिहा. सौम्य चरबीही फार वाढली तर वरच्या महाशिरेवर दाब आणू शकते, हृदयाची लय बिघडवू शकते. आणि जाड पडद्याची नोंद एरवीही करा. एट्रियल फिब्रिलेशनच्या अब्लेशनसाठी कार्डिओलॉजिस्ट याच पडद्यातून सुई घालून डावीकडे जातो. पातळ जागा नेमकी कुठे आहे आणि किती रुंद आहे, हे त्याला कॅथलॅबमध्ये शिरण्याआधी आपल्या रिपोर्टातून कळायला हवं.

पहिली केस पडद्यावर घ्या.